पुडीतलं शेवाळ, कातळावरचं शेवाळ

कर्जतहून कोंदिवड्याला आणि पुढे कोंडाणे लेण्यांकडे जाणारी वाट भाद्रपदात नुसती हिरवी असते. त्या हिरव्यातून गवत, तेरडा, नेचे बाजूला काढले की कातळाला, बांधाला, आंब्याच्या खोडाला बिलगलेलं जे उरतं, त्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो आणि पुढे चालू लागतो. मॉस, लिव्हरवर्ट आणि हॉर्नवर्ट ही तीनच घराणी त्यातून वेगळी काढली तरी भारतात त्यांच्या अडीच हजारांच्या आसपास जाती भरतात. सह्याद्रीचा हा पश्चिम उतार, तीन हजार मिलिमीटरच्या वर पावसाचा, त्यांना मानवणारा मुलूख आहे.

त्यांच्याकडे बघायचं कसं, त्यांना ओळखायचं कसं, यावर माझ्या परिचयातल्या दोघांचं पटत नाही. एक बाई. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. पिशवीत भिंग, दाढीचं पातं आणि ब्राउन पेपरच्या घड्या कायम. दुसरा एक वाटाड्या. पायथ्याच्या वाडीतला, बी.एस्सी. झालेला, राजमाचीला चढणाऱ्यांना वाट दाखवणारा. मोबाइलला बारकं भिंग लावून फोटो काढतो आणि त्याच्या देखत कुणाला काही उपटू देत नाही. बाईंचं म्हणणं, नमुना घेतल्याशिवाय नाव नाही आणि नावाशिवाय काहीच नाही. त्याचं म्हणणं, जागा राखली नाही तर नाव घेऊन करायचं काय? दोघंही मनापासून बोलतात, म्हणून त्यांचा वाद इथे मांडावासा वाटला. मधूनमधून माझं मतही येईल.

"माझी ओळख पायापासून सुरू होते," वाटाड्या सांगतो. "ओढ्यातल्या दगडावर काळपट, बुळबुळीत असतं त्यावरून माणूस पडतो. ज्याला पानं आहेत, हाताला मऊ लागतं, ते वेगळं. लोकांना दोन्ही सारखंच वाटतं, आणि मऊ दिसलं की ते पाय देतात. मी देऊ देत नाही. बुटाखाली ते अख्खं सुटून येतं, आणि पुढच्या पावसात तिथे नुसता कातळ."

"तुझ्या पायाला कळतं ते बरोबरच आहे," बाई म्हणतात. "आधी जे आपलं नाही ते बाजूला काढायचं. बुळबुळीत ते शैवल, त्याला ना खोड ना पान. माडाच्या खोडावर, कुंपणाच्या भिंतीवर केशरी-तांबडा थर चढतो तोही शैवलच, ट्रेंटेपोहलिया. करडं, खरखरीत, कडा उचललेलं ते दगडफूल. गोड्या मसाल्यात आपण घालतो ते त्याच जमातीतलं, बुरशी आणि शैवल यांचा जोडसंसार. आणि या उतारांवर जी चपटी, नाजूक सेलाजिनेला पसरते, तिला निम्मे ट्रेकर मॉस म्हणतात. ती नेच्यांच्या नात्यातली. तिला खरी मुळं आहेत, खोडात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या आहेत. उपटून बघितलीस तर लगेच कळतं."

"उपटून बघितलीस तर! तिथेच आपलं बिनसतं, बाई."

बाई हसत नाहीत. त्यांना हा आक्षेप खरा वाटतो, पण पुरेसा वाटत नाही. "मग उपटू नकोस. बस खाली. भिंग डोळ्याला टेकव आणि डोळा खाली ने. भिंग खाली धरून उभ्याने बघणारे काहीच बघत नाहीत. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. पानाच्या मधोमध शीर दिसते का? दिसली तर मॉस."

"आणि नसली तर लिव्हरवर्ट?"

"तसं नाही. शीर नसलेले मॉसही आहेत. पण पानांच्या लिव्हरवर्टला शीर कधीच नसते. त्याची पानं खोडाच्या दोन अंगांना दोन ओळींत बसतात, बऱ्याचदा पोटाला तिसरी, बारक्या पानांची ओळ असते, आणि पान पुष्कळदा दोन पाळ्यांत चिरलेलं असतं. मॉसचं पान असं चिरलेलं नसतं, आणि ती पानं बहुधा खोडाभोवती चढत गेलेली."

वाटाड्या वाटेच्या कडेच्या मातीच्या दरडीवर बोट दाखवतो. "हे बघा. दोनच ओळी, अगदी सपाट. पण शीर आहे."

"फिसिडेन्स. मॉसच. सावलीतल्या मातीच्या दरडीवर नेहमी असतो. पानाच्या बुडाशी बघ, पान दुमडून खोडाला धरून बसलेलं दिसेल. हे एकदा बघितलं की फिसिडेन्स हे नाव चुकत नाही. पुढचं, म्हणजे फिसिडेन्सची कोणती जात, ते मात्र या भिंगाने नाही ठरत."

बोंड, म्हणजे बीजाणूंची कुपी, आलेलं असलं तर घराणं ओळखणं सगळ्यात सोपं. मॉसची दांडी चिवट, तपकिरी, आठवडेच्या आठवडे टिकणारी. बोंडावर टोपी, टोपीखाली झाकण, झाकण पडलं की बहुतेकांत बारीक दातांचं कडं. लिव्हरवर्टची दांडी पांढरी, पाणीदार, फुटल्यावर एक-दोन दिवसांत लोळणारी, आणि काळं बोंड चार फाकांत उकलणारं. नवख्याने एवढं मनात धरून निघावं, मग कर्जतच्या कुठल्याही पायवाटेवर तासभर कसा गेला ते कळत नाही.

वाट भातखाचरांच्या कडेने जाते तिथे बाई हमखास थांबतात. खाचरात भात पोटरीला आलेलं, बांध ओला, आणि त्यावर गडद हिरव्या, कुरळ्या कडांच्या पातळ चकत्या मातीला चिकटलेल्या. त्यातून बोटभरही नसलेली हिरवी शिंगं वर आलेली. हे अँथोसेरॉस, म्हणजे हॉर्नवर्ट. बाई वाटाड्याच्या हातात भिंग देतात आणि शिंगाचं टोक दाखवतात. टोक पिकून दोन पाकळ्यांत उकललेलं, बूड अजून हिरवंगार. शिंग बुडाशी वाढत राहतं आणि टोकाशी पिकत राहतं, त्यामुळे एकाच शिंगात कोवळे आणि पिकलेले बीजाणू वरखाली सापडतात. बीजाणू काळपट असले तर अँथोसेरॉस, पिवळे असले तर त्याचा भाऊबंद फिओसेरॉस. शिंग आखूड आणि उभं न राहता आडवं पडलेलं असलं तर नोटोथायलस. आणि चकतीत जे निळसर-काळे ठिपके दिसतात ती नॉस्टॉकची वस्ती. हवेतला नायट्रोजन धरणारा हा जीव या चकतीच्या पोटात राहतो. भाताच्या बांधावर, खताच्या पोत्यापासून हातभर अंतरावर, हे काम गाजावाजा न होता चाललेलं असतं.

"हे घ्या तुम्ही," वाटाड्या आपण होऊन सांगतो. "बांध दरवर्षी चिखलाने लिंपला जातो. इथलं मातीतून पुन्हा येतं."

"आणि कार्तिकात भातकापणी झाल्यावर याच खाचरात रिक्सिया येईल," बाई म्हणतात. दोन फाट्यांत, पुन्हा दोन फाट्यांत विभागत गेलेली, मधोमध पन्हळ असलेली, गोल पसरणारी ही चकती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रत्येकाने वहीत काढलेली असते. खाचरात बघितलेली फार थोड्यांनी. तिच्या बोंडाला दांडी नसते, बोंड बाहेरही येत नाही. ते चकतीतच पिकतं, आणि चकती कुजली की बीजाणू मातीत मोकळे होतात. पुढच्या ओलीची वाट बघत ते तिथेच पडून राहतात. म्हणजे नांगरट, चिखलणी, लावणी, कापणी, असं शेतकऱ्याचं सगळं वेळापत्रक रिक्सियाने अंगवळणी पाडून घेतलं आहे. कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे, कर्जतच्या नावाची भाताची वाणं महाराष्ट्रभर पेरली जातात. त्याच खाचरातली ही दुसरी वस्तीही तालुक्याने आपली म्हणावी, असं मला वाटतं.

बाई पात्याने अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा मातीसकट उचलतात, कागदाची पुडी करतात आणि पेन्सिलने लिहितात : गाव, बांध, ओली माती, उन्हात की सावलीत, तारीख. पुडी दाबायची नाही, उन्हात टाकायची नाही, सावलीत वाळवायची. "एवढं केलं की हे शंभर वर्षं टिकतं," त्या म्हणतात. "फोटो टिकेल?"

इथून त्यांचा इतिहास सुरू होतो. मुंबई इलाख्यात सेजविक नावाचा एक मुलकी अधिकारी होता. फिरतीवर असताना तो मॉस गोळा करायचा आणि इंग्लंडला डिक्सन नावाच्या तज्ज्ञाकडे पाठवायचा. डिक्सनने मुंबई इलाख्यातल्या मॉसवर लेख लिहिला, तो या पुड्यांच्या जोरावर. डिक्सनचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे आणि आजही तो उघडून तपासता येतो. लाहोरला शिवराम कश्यपांनी पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या लिव्हरवर्टवर दोन भाग लिहिले, १९२९ आणि १९३२ मध्ये. भारतातला या विषयाचा अभ्यास त्यांच्यापासून उभा राहिला. कलकत्त्याच्या गांगुलींचे पूर्व भारतातल्या मॉसवरचे खंड १९६९ ते १९८० या काळात निघाले, आणि कोकणातला विद्यार्थीही मॉसचं नाव लावताना ते खंड उघडतो. "हे सगळं पुड्यांवर उभं आहे," बाई म्हणतात. "सेजविकने नुसतं 'फार सुंदर हिरवं दिसलं' असं लिहून ठेवलं असतं तर आज आपल्या हाती काय असतं?"

"पण बाई, त्या साहेबाला कातळ संपतील अशी भीती नव्हती," वाटाड्या म्हणतो. "त्याच्या मागून शनिवार-रविवारी हजार माणसं चढत नव्हती. आणि पुड्या लंडनला गेल्या. इथल्या माणसाला काय कळलं त्यातून? आमच्या वाडीतल्या पोरांना कुणी सांगितलं का, की तुमच्या दारातल्या भिंतीवर काय आहे?"

हा प्रश्न मला बिनतोड वाटतो. बाई त्याला उत्तर देत नाहीत, त्या दारातल्या भिंतीकडेच वळतात.

वाटेवरच्या शेवटच्या घराच्या जोत्याला पागोळ्यांचं पाणी पडतं तिथे एक आखूड, दाट मॉस आहे. दगडावर, सिमेंटवर, चुन्यावर, कोकणात जिथे म्हणून भिंत आहे तिथे तो असतो : हायोफिला. बाई वाळलेल्या बाजूचा एक ठिपका दाखवतात. पानं आतल्या अंगाला गुंडाळलेली, तपकिरी, मेलेली वाटावीत अशी. त्या बाटलीतून पाण्याचा एक थेंब सोडतात आणि वाटाड्याला भिंगातून डोळा हलवू नको म्हणून सांगतात. आधी टोकाची पानं हलतात, मग मधली. कडा सुटत जातात, पान पसरट होतं, तपकिरीतून हिरवं वर येतं. मिनिटभरात सगळा ठिपका उघडतो. मुळं नाहीत, नळ्या नाहीत, पानच पाणी पितं. म्हणून ही वनस्पती आठ महिने कोरडी पडून राहू शकते आणि मृगाच्या पहिल्या सरीला पुन्हा सुरू होते.

"फोटो काढलास?" बाई विचारतात. "आता मला सांग, हा हायोफिला की बार्ब्युला?"

वाटाड्या फोटो मोठा करून बघतो. दोन्ही आखूड, दोन्ही भिंतीवर राहणारे, दोन्हींना शीर. हायोफिलाचं पान चमच्याच्या आकाराचं, बार्ब्युलाचं जास्त निमुळतं, पण मधल्या मापाची पानं दोघांतही निघतात.

"नाही सांगता येत."

"मलाही नाही. पक्कं नाही. बोंड पाहिजे. हायोफिलाच्या बोंडाचं झाकण पडलं की तोंड उघडंबोडकं, दात नाहीत. बार्ब्युलाला केसाएवढे बारीक बत्तीस दात, पीळ घातलेले. किंवा पान काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायच्या. दोन्हींसाठी नमुना हवा."

"किंवा परत यायला हवं," वाटाड्या म्हणतो. "तुम्ही भाद्रपदात एकदा आलात, तुकडा घेतलात, गेलात. बोंड नव्हतं, तर पुडीत शंभर वर्षांनीही बोंड येणार नाही. मी इथेच राहतो. पाऊस सरला की बघेन, मार्गशीर्षात बघेन, पौषात बघेन. ज्या दिवशी झाकण पडेल त्या दिवशी फोटो काढेन. दात आहेत की नाहीत ते तुमच्या भिंगानेच दिसेल."

या क्षणी बाईंचा चेहरा एकदम खुलतो. "ते केलंस तर ती फार मोठी गोष्ट होईल," त्या म्हणतात, आणि ते बरं वाटावं म्हणून म्हटलेलं नसतं.

मला या वादाचं मर्म इथे दिसतं. आपल्याकडे मॉस ओळखणं म्हणजे त्याचं वर्ष ओळखणं आहे. इंग्लंडमध्ये मॉस वर्षाचा बहुतेक काळ ओला आणि हिरवा राहतो. त्यांची पुस्तकं त्या हिशेबाने लिहिलेली. आपल्याकडे तीच वनस्पती श्रावणात एक असते आणि फाल्गुनात दुसरीच दिसते. घाटातल्या दरडींवर टार्जिओनिया आणि प्लॅजिओकाझ्मा या चकतीच्या लिव्हरवर्ट असतात. माघानंतर त्यांच्या कडा वर वळून मिटतात आणि खालचे गडद खवले बाहेर येतात. काळ्या कातळावर काळ्या रेघा, एवढंच उरतं. उन्हाळ्यात सहलीला आलेला विद्यार्थी तिथे काही नाही असं लिहून जाईल. बोंड काही आठवडेच, ओल काही महिनेच. एका भेटीत काढलेला फोटो आणि एका भेटीत केलेली पुडी, दोन्हींत वर्षाचा एकच तुकडा असतो. जागेवर राहणाऱ्या माणसाकडे अख्खं वर्ष असतं, आणि ही गोष्ट आजवर आपल्या अभ्यासात जमेला धरली गेलेली नाही.

पुस्तकी नियम इथे कसे हुकतात याचं आणखी एक उदाहरण वाटाड्याच देतो. शेवाळ झाडाच्या उत्तर अंगाला वाढतं, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. "आमच्याकडे पावसात ते पश्चिम अंगाला जास्त दाट. वारा-पाऊस तिकडून मारतो ना."

"कारण तो नियम दूरच्या उत्तरेतला आहे," बाई सांगतात. "तिथे सूर्य कायम दक्षिणेला. आपण एकोणिसाव्या अक्षांशाच्या आसपास. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो. या दोन दिवसांच्या मध्ये सूर्य दुपारी आपल्या उत्तरेलाच असतो. पावसात उत्तर-दक्षिणेला अर्थ नाही, पाणी कुठून येतं त्याला आहे. पौषात मात्र बघ. तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला, उत्तरेच्या अंगाची ओल जास्त दिवस टिकते, आणि शेवटचं हिरवं तिथेच सापडतं."

पुढे एका आंब्याच्या खोडावर दोघं बराच वेळ रेंगाळतात. खोडाच्या सालीवर एक अगदी सपाट, करडट-हिरवा थर आहे. लांबून बुरशी वाटावी असा. आंब्याच्या सालीवर राहणाऱ्या एका मॉसचं शास्त्रीय नावच आंब्यावरून आहे, एर्पोडियम मँगिफेरी. बाई तोच असावा असं म्हणतात आणि 'असावा' हा शब्द पुडीवरही लिहितात. त्याच्या वर तांबूस-तपकिरी पसरलेलं ते फ्रुलानिया, पानांचं लिव्हरवर्ट. भिंगाखाली प्रत्येक पानाच्या पोटाशी एक पिटुकली शिरस्त्राणाच्या आकाराची थैली दिसते. पाऊस उघडला की थोडं पाणी या थैल्यांत राहतं, आणि त्या पाण्यात सूक्ष्म जीवही राहतात.

इथे वाटाड्याकडे एक हुकमी मुद्दा आहे, आणि तो त्याला बाईंनीच मागे कधीतरी शिकवला होता. "लिव्हरवर्टच्या पेशींत तेलाचे कण असतात. किती, केवढे, कसे, यावरून जात ठरते. बरोबर? आणि वाळलं की ते कण जातात. म्हणजे तुमची पुडी शंभर वर्षं टिकते, पण ओळखीची खूण काही दिवसांत मरते."

"म्हणून त्याच रात्री बघायचं आणि चित्र काढून पुडीत घालायचं," बाई म्हणतात. "पुडी एकटी पुरते असं मी कधीच म्हटलं नाही. पुडीशिवाय पुरत नाही, असं म्हणते. तू उद्या सांगितलंस की हे अमुक आहे, आणि दुसरा म्हणाला नाही, तमुक आहे, तर निवाडा कशावर करायचा? तुझ्या शब्दावर?"

"झाडावर. झाड इथेच आहे. येऊन बघा म्हणावं."

"झाड राहील याची हमी आहे तुझ्याकडे?"

वाटाड्या गप्प होतो. या तालुक्यांत डोंगराची हमी देणंही अवघड झालं आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. तेव्हापासून मोठा पाऊस चालू असताना तो कुणालाच दरडीखाली थांबू देत नाही, मग समोर कितीही दुर्मीळ हिरवं असो. भिंग डोळ्याला लावलेल्या माणसाचं वर लक्ष नसतं, म्हणून या विषयाची आवड असलेल्या प्रत्येकाने ही शिस्त पाळावी. सलग पावसाचे दिवस सोडावेत, भाद्रपद-आश्विन धरावा.

लेण्यांशी पोचल्यावर वाद पेटतो. कोंडाण्याचा चैत्य इसवीसनापूर्वीच्या शतकांतला. लाकडी बांधणीची हुबेहूब नक्कल दगडात उतरवलेली, आणि समोर पावसाळ्यात वरून पाण्याची धार पडते. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, असा लेख तिथे कोरलेला आहे. धारेच्या तुषारांनी ओल्या राहणाऱ्या कपारीत, जिथे उजेड जेमतेम पोचतो, तिथे फिक्या पोपटी रंगाचं एक पातळ पटल कातळाला चिकटलेलं दिसतं. वाटाड्या सगळ्यांना एका बाजूला उभं करतो. मान थोडी तिरपी केली की ते पटल हिरवट-सोनेरी चकाकतं. सायथोडियम. त्याला स्वतःचा उजेड नाही. जो अंधूक उजेड मिळतो तोच त्याच्या पेशी गोळा करतात आणि थोडा परतवतात. चकती इतकी नाजूक की आरपार दिसावं. पाऊस गेला की हे वरचं पटल विरून जातं.

"याच्या जाती ठरवायला बीजाणूंची नक्षी बघावी लागते," बाई म्हणतात. "चिमूटभर. कपारीच्या बाहेरच्या कडेचं."

"नाही, बाई."

"अरे, पाऊस गेला की ते जाणारच आहे."

"बीजाणू टाकून जाणार आहे. आणि हे संरक्षित स्मारक आहे. इथे तुम्ही पातं लावलंत, तर उद्या कुणी नाव कोरायला चाकू काढला की मी कोणत्या तोंडाने अडवू?"

इथे मी पूर्णपणे वाटाड्याच्या बाजूने आहे. कायद्याचा मुद्दा आहेच. जंगलात नमुने घ्यायला वनखात्याची परवानगी लागते आणि स्मारकाला हात लावायचा नसतो. पण त्याहून मोठा मुद्दा पाहणाऱ्यांच्या नजरेचा आहे. जिथे शेकडो लोक बघत असतात तिथे जाणत्या माणसाने हात मागे ठेवला, तरच इतरांचा मागे राहतो. याच ओघात गड-लेणी स्वच्छ करणाऱ्या मंडळांनाही एक विनंती करावीशी वाटते. त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. पिंपळ-वडाची रोपं चिऱ्यांच्या सांध्यांत मुळं घालून तट फोडतात, ती जाणकारांच्या सल्ल्याने काढलीच पाहिजेत. मॉसला फोडणारी मुळं नाहीत, धरून राहण्यापुरते तंतू असतात. त्याच्यावर तारेचा ब्रश चालवला की मॉसबरोबर दगडाचा वरचा थरही खरवडला जातो. दिवाळीच्या किल्ल्यावर लावायला भिंतींवरचं शेवाळ सोलून आणण्याची जुनी हौस मुलांची आहे. ती घराच्या कुंपणापुरती राहावी आणि लेण्यांपर्यंत जाऊ नये. किल्ल्यावर अळीव पेरले की चार दिवसांत हिरवळ येते, आणि ती जास्त शोभते.

परतीच्या वाटेवर वाटाड्या वणव्यांचा विषय काढतो. फाल्गुन-चैत्रात गवत पेटतं, आग झाडांच्या बुंध्यांना चाटून जाते, आणि खालच्या चार-पाच हातांवरचं मॉस करपतं. अशा खोडांवर ते किती वर्षांनी परत येतं, याची नोंद तो काही झाडांवर ठेवतो आहे. जळल्या जमिनीवर जगभर आधी येणारा एक मॉस म्हणजे फ्युनारिया. त्याची लांब दांडी हवेच्या ओलीप्रमाणे पिळते आणि उलगडते. राब भाजलेल्या जागांवर तो येतो का, हे बघायला बाईंनी त्याला सांगून ठेवलं आहे. या नोंदींत पुडीचा प्रश्नच येत नाही, आणि बाईही तो काढत नाहीत.

मग बाईच विचारतात, "त्या मोरीचं काय झालं?"

खालापूरच्या बाजूला एका जुन्या रस्त्यावर घडीव दगडांची मोरी होती. तिच्या आतल्या भिंतीवर, सतत ठिबकणाऱ्या पाण्यात, वाटाड्याने एक मॉस पाहिला होता. झुबक्याने लोंबणारा, फिकट, खालचा भाग चुन्याने जड झालेला. त्याने त्याचे पुष्कळ फोटो काढले, सगळ्या ऋतूंत. रस्ता रुंद झाला, मोरी गेली, तिथे सिमेंटचे पाइप आले. फोटो त्याने बाईंना दाखवले, बाईंनी आणखी जाणकारांना दाखवले. कुणी एक नाव सांगितलं, कुणी दुसरं. बोंड एकाही फोटोत नाही. पेशी बघायला पान नाही.

"तिथलं मी घ्यायला हवं होतं असं तुमचं म्हणणं," वाटाड्या म्हणतो.

"हो."

"मोरी जाणार हे मला माहीत नव्हतं."

"कुणालाच नसतं. म्हणून घ्यायचं."

तो बराच वेळ काही बोलत नाही. कोंदिवडे जवळ आल्यावर मोबाइल काढतो आणि एक यादी दाखवतो. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या जुन्या मोऱ्या, पायऱ्यांच्या विहिरी, घाटातल्या दगडी ताली, जिथे जिथे त्याला ओलं हिरवं दिसलंय अशा जागा. त्यातल्या काहींपुढे त्याने खूण केली आहे. तिथे रस्त्याची आखणी होऊन खुंट्या ठोकल्या आहेत, किंवा जमीन विकली जाऊन कुंपण पडलं आहे.

"खूण केलेल्या जागांवर चला. मालकाला, खात्याला विचारून. तिथलं हवं तेवढं घ्या."

"हवं तेवढं नको," बाई म्हणतात. "चिमूटभर. आणि पुडीवर जागा तू लिहायचीस, तुझ्या शब्दांत. पाणी कुठून येतं, कोणत्या महिन्यात आटतं, सगळं. मला ते येत नाही."

"लेण्यातलं नाही देणार."

"लेण्यातलं मी पुन्हा मागेन."

"मागा. आधी ही खोपोलीकडची विहीर. इथे खुंट्या गेल्याच आठवड्यात लागल्यात."